सत्तरीचा पुरावा

नोरा गॅफनीबाईंच्या पत्राला मोरेश्वर खांबेट्यांनी उत्तर दिलं नव्हतं, आणि ही गोष्ट त्यांना रोज आठवायची, बहुतेक पहिल्या चहाचा पहिला घोट घेताना. त्यामुळे चहाची चवही जायची. पत्र निळ्या शाईत, हाताने लिहिलेलं होतं, आणि तीच पंचाईत होती. ईमेल असती तर ‘पाहिलीच नाही’ म्हणून सुटता आलं असतं. हाताने लिहिलेलं पत्र पाहिलंच नाही, असं कोण म्हणणार? आणि म्हटलं तरी मोरेश्वररावांच्या चेहऱ्याला ते पेललं नसतं.

मोरेश्वरराव पुण्यातल्या एका कॉलेजचे निवृत्त ग्रंथपाल. मुलगा अभिजित आयर्लंडमधल्या ॲथलोनच्या टेलिकॉम कंपनीत, सून सानिका घरूनच काम करणारी, नातू अद्वय शाळेत. म्हातारा-म्हातारी त्यांच्याकडे येऊन राहिली त्याला तीन वर्षं होत आली होती. या तीन वर्षांत मोरेश्वररावांनी गावात एकच जागा आपली केली होती, ती म्हणजे वाचनालयातली खिडकीजवळची खुर्ची. दर मंगळवारी ते तिथे बसून वर्कहाउसची जुनी इतिवृत्तं वाचत. वर्कहाउस म्हणजे इंग्रजी अमदानीतलं गरिबांना कोंडून पोसायचं घर. आत गेलं की नवरा एकीकडे, बायको दुसरीकडे, पोरं तिसरीकडे, आणि पातळ खिचडीसारखं काहीतरी ताटात. मदत घ्यायची लोकांना भीतीच वाटावी, असा त्या कायद्याचा हिशेब.

हे त्यांनी एकदा जेवताना सांगितलं, तेव्हा त्यांच्या पत्नी शकुंतलाबाई म्हणाल्या होत्या, “नवरा-बायकोला वेगळं ठेवायचे? मग ही सोय फक्त गरिबांनाच का?”

मोरेश्वररावांना या सगळ्यात सर्वांत आवडायचा तो शेवट. १९०८ साली लंडनच्या सरकारने कायदा केला: सत्तरी गाठलेल्या गरीब माणसाला आठवड्याला पाच शिलिंग, आणि तेही घरी राहून, पोस्टातून घ्यायचे. वर्कहाउसची पायरी चढायची गरज नाही. अट एवढीच, की सत्तर पूर्ण झाल्याचा पुरावा द्यायचा. आणि इथेच गंमत झाली. आयर्लंडमधल्या त्या पिढीच्या जन्माची सरकारदरबारी नोंदच नव्हती. मग एका रात्रीत बेटावर म्हाताऱ्यांचं पीक आलं. ज्यांनी साठी गाठली असेल-नसेल, तेही काठी टेकत आले. पुरावा काय? तर मोठ्या वाऱ्याची रात्र. १८३९च्या जानेवारीत सगळ्या देशाची छपरं उडवून नेणारं वादळ झालं होतं. ते ज्याला आठवतं तो सत्तरीचा, असं गावोगावच्या कमिट्यांनी ठरवून टाकलं. कमिटीतले लोक गावचेच, अर्जदारांचे भाचे-पुतणे. आठवण सगळ्यांची अगदी एकसारखी. जो तो म्हणे, त्या रात्री मी हातात बटाटा धरून खात होतो. त्यांना अडवायला सरकार एक परका माणूस पाठवायचं, तो पेन्शन ऑफिसर. त्याचं काम शंका घेणं. त्याला गावात कोणी चहा विचारत नसे.

नोराबाई पलीकडच्या गावातल्या इतिहास मंडळाच्या चिटणीस. वाचनालयातून त्यांना मोरेश्वररावांचा सुगावा लागला होता. पत्रात त्यांनी लिहिलं होतं की ऑगस्टमध्ये मंडळ १९०९ची पेन्शन कमिटी नाटकासारखी पुन्हा भरवणार आहे. अर्जदार व्हायला झुंबड आहे, पण ऑफिसर व्हायला एक माणूस तयार नाही. ज्यांच्या पणज्यांची पेन्शन तेव्हा अडली होती ते अजून ते विसरलेले नाहीत, आणि गावातला कोणी त्या खुर्चीत बसला तर पुढची दहा वर्षं त्याला कोणी ट्रॅक्टर उसना देणार नाही. ‘तुमचं इथे कोणाशी काही नातं नाही,’ बाईंनी अगदी मोकळेपणाने लिहिलं होतं, ‘तेव्हा तुमच्याइतका योग्य माणूस दुसरा नाही.’

या वाक्याशी मोरेश्वरराव अडले. आपल्याला कोणी योग्य म्हटल्याचा आनंद आणि कशासाठी योग्य म्हटलं त्याचं वाईट, दोन्ही एकाच घोटात गिळायचं कसं, ते त्यांना कळेना. शिवाय आपण चार लोकांसमोर बोलणार काय? आपले उच्चार त्यांना कळतील का? कळले तर जास्तच वाईट. त्यांनी मनातल्या मनात बरीच उत्तरं लिहिली आणि खोडली. शेवटी पत्र एका जाडजूड पुस्तकात ठेवलं आणि पुस्तक स्वयंपाकघरातल्या कपाटात डब्यांमागे ठेवलं. असं का केलं ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

नेमक्या याच दिवसांत घरात दुसरा एक प्रश्न तापत होता. म्हाताऱ्यांच्या राहण्याचा परवाना संपत आला होता, आणि पुढे वाढवायचा की पुण्याला परतायचं, हे अभिजितला कळायला हवं होतं.

“आई, सप्टेंबरच्या आत सांग म्हणजे झालं.”

“मला काय विचारतोस? तुझ्या बाबांना विचार.”

“बाबा म्हणतात तुला विचार.”

“मग ऐक. मला इथे ओळखतं कोण? समोरच्यांचं कुत्रं. तेही अद्वय बरोबर असला तरच. पुण्यात मी जिन्यात उभी राहिले तरी चार जणी विचारतात, कुठे निघालात. इथे माझी चौकशी करणारी चार माणसं मला दिसली, तर मी राहीन. नाहीतर दिवाळी आपल्या घरी.”

मोरेश्वररावांना राहायचं होतं. नातू होता, खिडकीजवळची खुर्ची होती, आणि पुण्यातले त्यांचे मित्र आता फोटोतच उरले होते. पण हे तोंडाने म्हणणं त्यांना जमलं नाही. चार माणसं आणायची कुठून? ते स्वतः तीन वर्षांत वाचनालयातल्या बाईंशी ‘थँक यू’च्या पुढे गेले नव्हते.

आणि मग एका शुक्रवारी शकुंतलाबाई पोस्टातून आल्या त्या गालातल्या गालात हसतच.

“काय हो, गॅफनी कोण?”

मोरेश्वररावांच्या हातातला पेपर खाली आला. “कोण?”

“मला काय विचारता? पांढऱ्या केसांची, उंच बाई. रांगेत मागे उभी होती. मला म्हणाली, तुम्ही मिसेस खांबेटे का? तुमच्या मिस्टरांना माझं पत्र मिळालं ना? मी म्हटलं, हो, मिळालं की.”

“तुला कुठे माहीत होतं?”

“डाळीच्या डब्यामागे पुस्तक ठेवलं की डाळ काढणाऱ्या माणसाला ते दिसतं. ती म्हणाली, उत्तर नाही आलं. मी म्हटलं, आमच्याकडे नाही म्हणायचं असलं तरच उत्तर पाठवतात. येणारा माणूस काय, येतोच.”

“शकू! असं कुठे असतं?”

“तुमच्या पुतण्याच्या मुंजीला किती जणांनी उत्तरं पाठवली होती? आणि जेवायला किती होते?”

मोरेश्वररावांनी पेपर पुन्हा उचलला.

“बाई फार खूश झाली हो. मला म्हणाली, ग्रँड. मीही म्हटलं, ग्रँड. मग आम्ही बराच वेळ बोललो.”

“कशाबद्दल?”

“बायकांचं असतं काहीबाही,” असं म्हणून शकुंतलाबाई आत निघून गेल्या.

ठरल्या संध्याकाळी नोराबाईंच्या गावचा हॉल भरून गेला होता. अभिजित, सानिका आणि अद्वय पहिल्याच रांगेत, त्यामुळे पळून जायची सोय नव्हती. नोराबाईंनी मोरेश्वररावांना काळा कोट दिला आणि वर एक गोल टोपी. टोपी त्यांच्या डोक्याला इतकी मोठी होती की ती कानांवर येऊन टेकली. मोरेश्वररावांना ती एकदम आवडली. टोपीखाली माणूस बराचसा दिसत नाही.

टेबलामागे मधोमध कमिटीचे अध्यक्ष डेसी लेनन, एक दांडगा शेतकरी, कोपऱ्यावर पुठ्ठ्याच्या पाटीमागे ऑफिसर. त्यांनी पाऊल टाकताच हॉलभर ‘बू’ असा आवाज उठला. लोक हसत होते, पण मोरेश्वररावांनी टोपी आणखी खाली ओढली.

पहिला अर्जदार मायकल, गावचा निवृत्त बस-ड्रायव्हर, खांद्यावर शाल घेऊन खोकत आला.

“वाऱ्याची रात्र आठवते का?” अध्यक्षांनी विचारलं.

“आठवते म्हणजे? मी पाळण्यात होतो. पाळणा उडाला तो शेजाऱ्यांच्या गोठ्यात पडला.”

लोक हसले. सगळे ऑफिसरकडे बघायला लागले. मोरेश्वरराव उठले. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं, पण कागद होता त्यांच्या स्वतःच्या कोटात, आणि तो कोट होता नोराबाईंच्या हातात. मग जे खरोखर मनात आलं तेच त्यांनी विचारलं.

“पाळण्यात होता? मग बटाटा कोण खात होतं?”

हशाने हॉल असा फुटला की छप्पर उडतं की काय असं वाटलं. डेसीने टेबलावर मूठ आपटली. मायकल म्हणाला, “आई खात होती, मला नुसता वास आला.” “वासाला पेन्शन नाही,” मोरेश्वरराव म्हणाले, आणि आपण हे बोललो यावर त्यांचा स्वतःचाच विश्वास बसेना.

मग मात्र ते सुटले. ब्रीदा नावाच्या एक आजी आल्या. त्या खरोखरच्या ब्याऐंशीच्या होत्या आणि इतकी वर्षं सिद्ध करत बसणं त्यांना अपमानाचं वाटत होतं. त्या म्हणाल्या, “मला सत्तरच लावा, तीही आजच पूर्ण झाली म्हणून.” मोरेश्वररावांनी गंभीरपणे विचारलं, “मग काल तुम्ही एकोणसत्तरच्या असताना हा अर्ज कसा केलात?” अर्ज नामंजूर. तिसरा, चौथा, सगळे नामंजूर. त्यांच्या आवाजाला धार आली. कमिटी पेन्शन द्यायची, ऑफिसर ती अडवायचा आणि लोक ओरडायचे.

मध्यंतरात चहा होता. मोरेश्वरराव कप घ्यायला गेले, तर टेबलापलीकडची मुलगी म्हणाली, “सॉरी. ऑफिसरला चहा नाही. तसा रिवाजच होता.” ती हसली. बाजूचे दोघेही हसले आणि पाठ फिरवून उभे राहिले. मागून कोणीतरी म्हणालं, “हा गडी फारच रंगात आलाय.”

हे नाटकातलं होतं की खरं? मोरेश्वररावांना ठरवता येईना. ते पुठ्ठ्याच्या पाटीमागे जाऊन बसले. आपण चोख काम केलं, आणि ज्या कामासाठी बोलावलं होतं ते परक्याचंच होतं. आता इथून चार माणसं काय, एकही जोडलं जाणार नाही. हॉलच्या दुसऱ्या टोकाला शकुंतलाबाई पाच-सात बायकांच्या मधोमध उभ्या होत्या. काहीतरी कुजबुज चालली होती, आणि सगळ्या वळून वळून त्यांच्याकडेच बघत होत्या.

घंटा वाजली. अध्यक्षांनी पुढचं नाव वाचलं.

“मिसेस शकुंतला खांबेटे.”

मोरेश्वररावांची टोपी नाकावर आली.

शकुंतलाबाई कोणाची तरी काळी शाल पांघरून, नसलेल्या कमरदुखीने वाकत, ब्रीदाआजींची काठी टेकत आल्या. पुण्यात त्या शाळेत शिकवायच्या. इंग्रजी त्यांचं सपाट होतं, पण अडखळणारं नव्हतं, आणि वर्गाच्या शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल असा आवाज होता.

“वय?” डेसीने विचारलं.

“सत्तर झाली. कधीच झाली.”

सगळा हॉल ऑफिसरकडे बघू लागला. अभिजितने डोकं हातात धरलं. मोरेश्वररावांना क्षणभर दया आली, पण अंगातला ऑफिसर अजून उतरला नव्हता. शिवाय आजच्या दिवसात ही एकच गोष्ट होती जी त्यांना अगदी नक्की माहीत होती.

“हरकत आहे,” ते म्हणाले. “अर्जदारबाईंचा पासपोर्ट मी स्वतः सांभाळतो. जन्मतारीख एक जून. वय एकोणसत्तर.”

“एक जून!” शकुंतलाबाई हॉलकडे वळल्या. “लेडीज अँड जेंटलमन, आमच्याकडे माझ्या वयाच्या निम्म्या लोकांचा वाढदिवस एक जूनला असतो. का? तर शाळा जूनमध्ये उघडते. पोराला शाळेत नेलं की मास्तर विचारायचे, जन्म कधीचा? बाप म्हणायचा, पावसाळ्यातला असेल. मास्तर लिहायचे एक जून. आणि साल? साल ते पोराच्या उंचीवरून लिहायचे. मी बुटकी होते.”

बायकांनी टाळ्या वाजवल्या.

“हा पुरावा नाही,” मोरेश्वरराव म्हणाले.

“पुरावा देते की. तुमच्याकडे मोठा वारा, तसं आमच्याकडे पानशेत. एकसष्ट सालच्या जुलैमध्ये पुण्याच्या वरचं धरण फुटलं. अर्धं शहर पाण्यात गेलं. लोक ओरडत होते, पर्वतीवर पळा. पर्वती म्हणजे टेकडी, पायऱ्यापायऱ्यांची. आईच्या हातात देव आणि शेगडी. माझा धाकटा भाऊ दोन वर्षांचा, असा गुबगुबीत की त्याला उचलायला शेजारी पैज लावायचे. त्याला मी कडेवर घेतलं आणि पर्वती चढले. सगळी. मध्ये एकदासुद्धा खाली ठेवला नाही, कारण ठेवला तर तो चिखल खायचा.” त्या थांबल्या आणि ऑफिसरकडे वळल्या. “तुमच्या कागदाप्रमाणे मी तेव्हा सहा वर्षांची. साहेब, सहा वर्षांच्या पोरीला ते होईल का?”

हॉलमध्ये आजी होत्या, आया होत्या, नातवंडं कडेवर घेऊन कंबर धरलेल्या होत्या. त्यांनी एका आवाजात सांगितलं, “नाही!”

“मग किती वर्षांच्या होता?” डेसीने विचारलं.

“नऊ. खरं वय आईला पाठ होतं. पण लग्नाच्या वेळी वडील म्हणाले, शाळेच्या दाखल्यावर आहे तेच चालू दे, पत्रिकाही त्याच सालची करून घेऊ. नाहीतर मुलाकडचे नाही म्हणतील.”

मोरेश्वररावांनी मनात बेरीज केली. चुकली असेल म्हणून पुन्हा केली. मग ते भर कमिटीत, मराठीत, मोठ्याने म्हणाले, “म्हणजे तू माझ्यापेक्षा मोठी आहेस?”

“एका वर्षाने,” शकुंतलाबाईही मराठीतच म्हणाल्या. “ओरडू नका, लोक बघतायत.”

“काय म्हणाला तो?” डेसी विचारू लागला. “कमिटीला समजलं पाहिजे.” “भाषांतर! भाषांतर!” लोक पाय आपटू लागले. पहिल्या रांगेत सानिका हसून हसून खुर्चीवरून घसरायला आली होती, आणि अभिजितला कळत नव्हतं की आपण हसावं की आई-वडिलांच्या मधे पडावं.

मोरेश्वररावांनी टोपी काढली. ती हातात घेऊन ते उभे राहिले आणि इंग्रजीत म्हणाले, “अर्जदारबाई या एकाहत्तर वर्षांच्या ऑफिसरपेक्षा वयाने मोठ्या आहेत. ऑफिसरला हे आत्ताच समजलं. लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली.”

पुढचं कोणालाच नीट ऐकू आलं नाही. ब्रीदाआजी डोळे पुसत होत्या. डेसी लेननने मूठ आपटून आपटून शांतता मिळवली आणि उठून उभा राहिला. त्याने निकाल दिला. अर्ज एकमताने मंजूर. आणि ज्या ऑफिसरला स्वतःच्या घरातलं वय कळत नाही, त्याने गावच्या म्हाताऱ्यांवर शंका घ्यायची काही गरज नाही, सबब त्याला या क्षणी बडतर्फ करण्यात येत आहे.

पाटी काढून घेतली गेली. कोणीतरी मोरेश्वररावांच्या हातात चहाचा कप दिला, दुसऱ्याने केक. मायकलने त्यांच्या पाठीवर अशी थाप मारली की अर्धा चहा बशीत गेला. “माझ्या पणजोबांनी दहा वर्षं वाढवली होती,” तो कानात म्हणाला, “तुझ्या बायकोने तीन. नवशिकी आहे, पण चालेल.” मग त्याने विचारलं, तुमच्या पुण्यात म्हाताऱ्यांना पेन्शन घ्यायला काय सिद्ध करावं लागतं? मोरेश्वररावांनी सांगितलं की दर नोव्हेंबरात आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. मायकलने शेजाऱ्याला बोलावलं आणि हे पुन्हा सांगायला लावलं. मग आणखी एकाला. हॉलमधून निघेपर्यंत मोरेश्वररावांनी हयातीच्या दाखल्याची हकिगत सहा-सात वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी ती थोडी वाढत गेली.

गाडीत मागे दोघं बसली होती.

“इतकी वर्षं लपवलंस.”

“लपवलं कुठे? तुम्ही कधी विचारलंत?”

“मी तुला लहान समजून किती गोष्टी शिकवायला गेलो.”

“हो. ते ऐकून घेणं फार कठीण जायचं.”

पुढून अद्वयचा आवाज आला, खास तिथल्या हेलाच्या इंग्रजीत, “आजी, तू खरंच पूर आला तेव्हा होतीस?” आणि आजी म्हणाली, “होते. आणि तुझा मामेआजोबा अजूनही तितकाच जड आहे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन चारदा वाजला, आणि चारही वेळा तो शकुंतलाबाईंना होता. ब्रीदाआजींना चकलीची कृती हवी होती. मायकलच्या बायकोला पर्वतीला किती पायऱ्या ते विचारायचं होतं, कारण घरात त्यावरून वाद लागला होता. नोराबाईंनी गुरुवारी विणकामाला बोलावलं. चौथा फोन डेसीचा होता. पुढच्या वर्षी ऑफिसरची जागा रिकामी आहे, तुमचे मिस्टर माफी मागून परत येतील का?

फोन ठेवून शकुंतलाबाई अभिजितला म्हणाल्या, “परवान्याचं काय ते करून टाक बाबा. आता गेले तर लोक म्हणतील पेन्शन घेऊन पळाली.”

मोरेश्वररावांनी मग डाळीच्या डब्यामागचं पुस्तक काढलं, त्यातलं पत्र काढलं आणि टेबलाशी बसले. या वेळी खाडाखोड झाली, पण थोडीच. त्यांनी लिहिलं की बाईंच्या पत्राचं उत्तर द्यायला फार उशीर झाला, याची त्यांना लाज वाटते. पेन्शन ऑफिसरचं काम त्यांना स्वीकारता येणार नाही, कारण ते परक्या माणसाने करायचं असतं, आणि त्यांच्या घरातली एक व्यक्ती आता गावात फारच ओळखीची झाली आहे. मात्र पुढच्या वर्षी अर्जदारांत एक जागा असल्यास ती त्यांच्यासाठी राखून ठेवावी. वाऱ्याच्या रात्रीची आपली आठवण ते आतापासूनच तयार करायला घेत आहेत.

“बाई गुरुवारी भेटणारच आहे की मला,” शकुंतलाबाई म्हणाल्या. “मी सांगते तोंडी.”

“नको. तू सांगितलंस की काय होतं ते पाहिलं मी.” मग ते अत्यंत अदबीने म्हणाले, “अहो, पोस्टाची तिकिटं कुठे ठेवलीत आपण?”

शकुंतलाबाईंनी लाटणं उगारलं.

मोरेश्वरराव बाहेर पोस्टाच्या हिरव्या पेटीपाशी गेले, पत्ता पुन्हा एकदा वाचला आणि पत्र आत टाकलं.